एआयचा स्कोअर एक सांगतोय आणि डॉक्टर दुसरंच, आधी कुठला भ्रूण ट्रान्सफर करायचा?

अबोली_लिहितेय:
नमस्कार सगळ्यांना. इथे बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं आयव्हीएफ चालू आहे. माझं वय ३४, एएमएच (स्त्रीबीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) जरा कमी, नवऱ्याचे रिपोर्ट नॉर्मल. मागचा ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, लागला नाही, बीटा (गर्भधारणेची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला. त्याच सायकलचे तीन ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवस वाढवलेले भ्रूण) गोठवून ठेवलेत आणि आता त्यातला एक ट्रान्सफर करायचाय. तर यावेळी लॅबने जो कागद दिला त्यात नेहमीच्या ग्रेडशिवाय शेजारी आणखी एक रकाना होता, एआय स्कोअर म्हणून. पहिला भ्रूण ४एए, स्कोअर ६.१. दुसरा ४बीबी, स्कोअर ८.३. तिसरा ३बीसी, स्कोअर ३.४.

डॉक्टर म्हणाल्या ४एए आधी घेऊ, दिसायला तोच सगळ्यात छान आहे. बाहेर आल्यावर काउन्सेलर म्हणाली की सॉफ्टवेअरने तर दुसऱ्याला वर ठेवलंय, तुम्ही म्हणाल तसं करू. आता आम्ही काय म्हणणार! आणि तिसऱ्याबद्दल ती म्हणाली की स्कोअर एवढा कमी असेल तर दरवर्षी स्टोरेज भरत बसायचं की सोडून द्यायचा याचा विचार करून ठेवा. ते ऐकल्यापासून माझं डोकं चालेनासं झालंय.

दुसरं म्हणजे मागच्या वेळी हा स्कोअर नव्हता, नुसतं बघून निवडला होता. तेव्हा मशीन असतं तर कदाचित लागला असता का, हा विचार रात्री झोपू देत नाही. नवरा म्हणतो मागचं उगाळू नकोस पण मन ऐकत नाही. आणि एका फॉर्मवर सहीही मागितलीये, आमच्या भ्रूणांचे व्हिडिओ सॉफ्टवेअर शिकवायला वापरायला परवानगी म्हणून. त्याचंही काय करावं? ज्यांना यातलं कळतं किंवा जे यातून गेलेत त्यांनी प्लीज लिहा.

चांदणवेल:
अबोली, आधी एक घट्ट मिठी. आम्ही यातून गेलोय म्हणून सरळ सांगते, मी तुझ्या जागी असते तर एआयचं ऐकलं असतं. कारण माणसांच्या ग्रेडिंगवर माझा विश्वास उरलेला नाही. आमचे भ्रूण एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये हलवले तेव्हा तिथल्या एम्ब्रियोलॉजिस्टने (लॅबमध्ये भ्रूण वाढवणारे तज्ज्ञ) जुने फोटो बघून वेगळीच ग्रेड सांगितली, तोच भ्रूण, तोच फोटो, इथे बी आणि तिथे सी. मग कुठल्या अक्षरावर भरवसा ठेवायचा सांग. मशीन निदान थकत तरी नाही, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं असं बोलत नाही. तेच चित्र दहा वेळा दाखव, दहाही वेळा तेच उत्तर येणार. आपल्यासारख्यांना एवढा तरी आधार नको का?

लॅबकोट:
मी आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियोलॉजिस्ट आहे, रोज हेच काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुमची केस तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे, मला नाही, हे धरूनच वाचा.

अबोलीताई, आधी ती ग्रेड काय सांगते ते बघू. ही गार्डनर पद्धत, १९९९ पासूनची. आकडा म्हणजे भ्रूण किती फुगलाय, १ ते ६, त्यात ४ म्हणजे पूर्ण फुगलेला आणि वरचं कवच पातळ झालेलं, ५ आणि ६ म्हणजे कवचातून बाहेर यायला लागलेला किंवा आलेला. पहिलं अक्षर आतल्या पेशींच्या गोळ्याचं, ज्यातून बाळ बनतं. दुसरं अक्षर बाहेरच्या थराचं, ज्यातून पुढे वार बनते. म्हणजे ही सगळी माहिती एका क्षणाची आहे, मी मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा तो कसा दिसला एवढीच.

एआय स्कोअर बहुतेक ठिकाणी टाइम-लॅप्सच्या व्हिडिओवरून निघतो. इन्क्युबेटरमध्येच कॅमेरा असतो, दर थोड्या मिनिटांनी फोटो काढत राहतो, भ्रूण बाहेर काढावा लागत नाही. मग सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासूनची सगळी वाटचाल बघतं, दोन पेशी कधी झाल्या, चार कधी झाल्या, मधेच एका पेशीच्या एकदम तीन झाल्या का (हे लक्षण चांगलं नसतं आणि पाचव्या दिवशी नुसतं बघून ते कळतही नाही), फुगायला कधी सुरुवात झाली. त्यामुळे दिसायला देखणा पण उशिरा पोचलेला भ्रूण ग्रेडमध्ये वर आणि स्कोअरमध्ये खाली असू शकतो. म्हणून माझा पहिला प्रश्न असा की तुमचा ४एए कुठल्या दिवशी गोठवला? पाचव्या की सहाव्या? कागदावर डी५ किंवा डी६ असं कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असेल, बघून सांगा.

चांदणवेल, ग्रेड माणसागणिक बदलते हे तुमचं म्हणणं खरंच आहे, मी नाकारणार नाही. ए आणि सी यात आमचं सहसा एकमत होतं, भांडण होतं ते बीवर, एकाचा बी दुसऱ्याला बी-मायनस वाटतो. मशीन दरवेळी तेच उत्तर देतं हेही खरं. पण तेच उत्तर देणं आणि बरोबर उत्तर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आकडेमोड:
लॅबकोट यांच्या शेवटच्या वाक्यावरून पुढे नेतो. मी डॉक्टर नाही, डेटाचं काम करतो आणि बायकोच्या ट्रीटमेंटच्या काळात यातले पेपर बसून वाचलेत.

या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत ९०-९५ टक्के अचूक वगैरे वाचलं असेल. तो आकडा कुठून येतो ते बघा. यातल्या एका नावाजलेल्या मॉडेलचा, आयडास्कोअरचा, २०२२ चा पेपर आहे, १ लाख १५ हजारांवर भ्रूणांच्या डेटावर केलेला. अचूकता मोजायला ते एयूसी नावाचं माप वापरतात, ०.५ म्हणजे छापा-काटा, १ म्हणजे कधीच न चुकणारं. सगळे भ्रूण धरले तर त्या मॉडेलचा एयूसी आला ०.९५. पण त्या सगळ्यांत बहुसंख्य भ्रूण असे होते जे लॅबने आधीच टाकून दिलेले, वाढ थांबलेले, तुकडे पडलेले, जे कुणीही ओळखेल. फक्त जे खरोखर ट्रान्सफर झाले आणि ज्यांचा निकाल माहीत आहे तेवढेच घेतले तर तोच आकडा ०.६७ वर येतो. आणि अबोली, तुमचा प्रश्न या दुसऱ्या गटातला आहे. चांगला की वाईट असं तुम्ही विचारत नाही आहात, दोन चांगल्यांमधला कुठला असं विचारताय. तिथे मशीन छापा-काट्यापेक्षा बरं आहे पण भविष्य सांगणारं नाही. (पेपरवाल्यांनी दोन्ही आकडे छापलेत हे त्यांचं प्रामाणिकपण, जाहिरातीत मात्र एकच येतो याची मला चीड आहे.)

मग खरी परीक्षा म्हणजे माणसाने निवडलेला विरुद्ध मशीनने निवडलेला, चिठ्ठी टाकून वाटणी केलेल्या दोन गटांत. ती झालीये. २०२४ मध्ये नेचर मेडिसिन या जर्नलमध्ये आली, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातली १४ क्लिनिक, १०६६ पेशंट. मशीनच्या गटात गर्भधारणा ४६.५ टक्के, एम्ब्रियोलॉजिस्टच्या गटात ४८.२ टक्के. फरक इतका कमी की योगायोगही असू शकतो, पण मशीन निदान माणसाइतकं तरी चांगलं आहे हे जे सिद्ध करायला निघाले होते तेवढंही सिद्ध झालं नाही. एकाच बाबतीत मशीन स्पष्ट पुढे होतं, वेळ. माणसाला सरासरी २०८ सेकंद लागले, मशीनला २१. लॅबसाठी ते मोठं आहे, कामाचा ताण कमी होतो. पण ती बचत लॅबची, तुमची गर्भधारणेची शक्यता त्याने वाढत नाही.

त्यामुळे मागच्या वेळी मशीन असतं तर लागला असता का, याचं उत्तर आकड्यांत शोधायचं तर ते असं आहे की तसं मानायला काहीच आधार नाही. हे मी समजूत घालायला म्हणत नाहीये, हा पेपरमधला निकाल आहे. झोपा शांत.

चांदणवेल:
आकडेमोड, तुमचा मुद्दा समजला, पण मग त्या टाइम-लॅप्सचा तरी काही उपयोग आहे का नाही? आम्ही तर त्याचे वेगळे पैसे भरले होते आणि तेव्हा सांगितलं होतं की यानेच चान्सेस वाढतात.

आकडेमोड:
त्यावरही मोठी ट्रायल झाली आहे, २०२४ मध्येच लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये, ब्रिटन आणि हाँगकाँगमधली, १५७५ पेशंट. तीन गट होते. टाइम-लॅप्सचा कॅमेरा आणि त्यावरून निवड, बाळ जन्माला येण्याचं प्रमाण ३३.७ टक्के. त्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवलं पण निवड व्हिडिओवरून केली नाही, ३६.६. नेहमीचा साधा इन्क्युबेटर, ३३.०. म्हणजे तिन्ही जवळपास सारखेच. नेदरलँड्समध्येही १७०० हून जास्त जोडप्यांवर असाच अभ्यास झाला, तिथेही फायदा दिसला नाही. यानेच चान्सेस वाढतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर तसं सांगायला नको होतं, एवढंच म्हणतो.

अबोली_लिहितेय:
बापरे, इतक्या लवकर एवढी उत्तरं, खरंच आभार. लॅबकोट ताई, कागद परत बघितला, तुम्ही म्हणालात तसंच कोपऱ्यात लिहिलंय. ४एए हा डी६ आहे आणि ४बीबी डी५. तिसरा ३बीसी पण डी६. हे आम्हाला कुणी तोंडाने सांगितलंच नव्हतं, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही कारण तेव्हा एएच्या पुढे काही दिसतच नव्हतं.

आकडेमोड, शेवटची ओळ वाचून रडू आलं, पण बरं वाटलं.

लॅबकोट:
मग कोडं बरंचसं सुटलं ताई. म्हणजे तुमच्याकडे मशीन आणि डॉक्टर असं भांडण नाहीये, दोघं वेगवेगळ्या गोष्टी बघतायत. पाचव्या दिवशी, म्हणजे फलन झाल्यापासून साधारण ११६ तासांच्या आसपास, जो ब्लास्टोसिस्ट झालाय तो सरासरीने सहाव्या दिवशी पोचलेल्यापेक्षा जास्त वेळा रुजतो. सरासरीने, हा शब्द नीट लक्षात ठेवा, सहाव्या दिवसाच्या भ्रूणांची कितीतरी निरोगी बाळं आमच्या लॅबच्या भिंतीवरच्या फोटोंत आहेत. ग्रेडची अक्षरं हा वेळ सांगत नाहीत, व्हिडिओवरचा स्कोअर तो धरतो, आणि मला वाटतं ६.१ आणि ८.३ मधला बराचसा फरक तिथून आला असणार. हे तुमच्या डॉक्टरांना किंवा तिथल्या एम्ब्रियोलॉजिस्टला सरळ विचारा, की डी५ बीबी आणि डी६ एए यात तुमच्या लॅबचे स्वतःचे निकाल काय आहेत. चांगल्या लॅबकडे हे आकडे असतात. कारण कल्चर मीडियम (भ्रूण ज्यात वाढवतात ते द्रव), इन्क्युबेटर, गोठवायची पद्धत हे सगळं लॅबप्रमाणे बदलतं आणि दुसरीकडच्या भ्रूणांवर शिकलेलं मॉडेल तुमच्या लॅबमध्ये तसंच्या तसं लागू होईल असं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे काउन्सेलिंगला नीट सांगितलं जात नाही म्हणून मला फार लागतं. स्कोअर रांग लावतो. भ्रूण आहे तसाच राहतो. तुमच्याकडे तीन आहेत, तुम्ही एकेक करून तिन्ही वापरले तर शेवटी बाळ होण्याची एकूण शक्यता रांग कुठलीही लावली तरी जवळपास तीच राहणार, बदलतं काय तर योग्य भ्रूण लवकर हाताला लागतो का उशिरा. लवकर लागणं कमी महत्त्वाचं नाही, एक फेल ट्रान्सफर म्हणजे काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको, औषधं, इंजेक्शनं, ते पंधरा दिवस. पण पहिला चुकीचा निवडला तर सगळं गेलं असं नाहीये.

हे खरं राहतं एकाच अटीवर, की कमी स्कोअरवाला कुणी टाकून देत नाही. म्हणून तिसऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नुसत्या ३.४ वर विसंबून तो सोडू नका. ३.४ म्हणजे ३४ टक्के नव्हे, आणि निरुपयोगी असाही त्याचा अर्थ नाही. हे आकडे १ ते १० सारख्या पट्टीवरचे असतात, त्यांना टक्क्यांसारखं वाचायचं नसतं. लॅबने तो गोठवला याचाच अर्थ त्यांना तो गोठवण्यालायक वाटला होता. वय ३४ आणि एएमएच कमी असताना हातातला भ्रूण केवळ सॉफ्टवेअरच्या आकड्यावरून सोडायला सांगणं मला पटत नाही, माझ्या लॅबमध्ये मी ते होऊ देणार नाही.

एकटा_वाटसरू:
धागा वाचतोय, इथे सगळं भ्रूणांबद्दलच चाललंय म्हणून पुरुषांच्या बाजूने लिहितो. या बाजूबद्दल कुणी बोलत नाही आणि पुरुष स्वतःहून विचारत नाहीत.

माझा रिपोर्ट अझोस्पर्मिया. वीर्यात शुक्राणू नाहीत. दर शंभर पुरुषांत साधारण एकाला हे असतं आणि ज्यांना मूल होत नाहीये अशा पुरुषांत दहा ते पंधरा टक्के. आम्हाला सरळ सांगितलं गेलं होतं की डोनर बघा. पुढे कळलं की शून्य म्हणजे नेहमी शून्य नसतं, कधीकधी पूर्ण नमुन्यात मोजून दोनचार असतात आणि टेक्निशियनला मायक्रोस्कोपखाली तासन्तास शोधूनही सापडत नाहीत. एआय मला पटलं ते या ठिकाणी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या फर्टिलिटी सेंटरने स्टार नावाची पद्धत केलीये, नमुना बारीक नळ्यांच्या चिपमधून जातो, वेगवान कॅमेरा लाखो फोटो काढतो, एआय त्यात शुक्राणू ओळखतं आणि तेवढाच थेंब बाजूला काढला जातो. २०२५ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी एक केस छापली, जवळपास दोन दशकं प्रयत्न करणारं जोडपं, सुमारे दोन तासांत २५ लाख फोटो तपासले आणि त्यातून हलणारे दोन शुक्राणू मिळाले. त्या दोनांवरून दोन भ्रूण आणि गर्भधारणा.

एक केस म्हणजे पुरावा नव्हे हे मलाही कळतं, आकडेमोड सांगतीलच. पण फरक बघा. भ्रूणाचा स्कोअर म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज. इथे अंदाज नाही, शोध आहे. सापडला की माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघून खात्री करतो, हो हाच. डोळ्यांना जे जमत नाही ते मशीन करतंय आणि चूक झाली तर ती लगेच दिसते.

माझ्या बाबतीत शेवटी ऑपरेशन करून वृषणातून शुक्राणू मिळाले, एआय नव्हतं तिथे. ते बघणारा एम्ब्रियोलॉजिस्ट रात्री उशिरापर्यंत मायक्रोस्कोपवर बसून होता आणि त्या माणसाचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही. नुसता शून्य लिहिलेला कागद हातात घेऊन जे बसलेत त्यांनी युरोलॉजिस्टला, त्यातही अँड्रोलॉजी (पुरुषांच्या प्रजननाच्या तक्रारी) बघणाऱ्याला भेटल्याशिवाय विषय बंद करू नका.

आकडेमोड:
वाटसरू, एका केसबद्दल तुम्ही स्वतःच म्हणालात म्हणून मी काही म्हणत नाही. तुमचं अंदाज आणि शोध हे मला फार पटलं, मी इतके पेपर वाचून असा विचार केला नव्हता.

त्याच जातीचं आणखी एक उदाहरण देतो. स्त्रीबीज काढायच्या आधी जे ट्रिगर इंजेक्शन देतात ते कधी द्यायचं हे सोनोग्राफीत फॉलिकल (बीज ज्यात वाढतं त्या पिशव्या) किती मोठे झालेत यावर ठरवतात, बहुतेक ठिकाणी सगळ्यात मोठे दोनतीन १७-१८ मिलिमीटरचे झाले की. २०२५ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने ब्रिटन आणि पोलंडमधल्या ११ क्लिनिकचे १९ हजारांवर पेशंट घेऊन एआयने तपासलं की नक्की कुठल्या मापाच्या फॉलिकलमधून पक्व बीजं मिळतात. उत्तर आलं, ट्रिगरच्या दिवशी साधारण १३ ते १८ मिलिमीटर. म्हणजे नुसत्या सगळ्यात मोठ्या दोनतीनकडे न बघता मधल्या मापाचे किती आहेत ते बघायला हवं, आणि मोठे फार मोठे होईपर्यंत थांबलं तर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन आधीच वाढून ताज्या (न गोठवता त्याच सायकलमध्ये केलेल्या) ट्रान्सफरला त्रास होऊ शकतो. मला आवडलं ते हे की यात मशीन नुसता आकडा तोंडावर फेकत नाही, का ते सांगतं, आणि डॉक्टर ते पडताळून बघू शकतात. अर्थात हे सगळं जुन्या नोंदींवरून काढलेलं, याप्रमाणे ट्रिगर दिला तर बाळं जास्त होतात का हे ट्रायलनेच ठरेल.

लॅबकोट:
हो, आणि त्यात अजून एक आहे, फॉलिकल मोजणारी सोनोग्राफी हातागणिक बदलते, दोन जणांनी मोजलं तर मिलिमीटर दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो, तिथे ऑटोमॅटिक मोजणी खरंच उपयोगाची आहे. वीर्य तपासणीचंही तसंच. कॉम्प्युटरने शुक्राणूंचा वेग आणि हालचाल मोजणं तर १९८० च्या दशकापासून आहे, नवीन काही नाही. फक्त आकाराबद्दल जरा जपून. डब्ल्यूएचओच्या वीर्य तपासणीच्या मार्गदर्शिकेच्या २०२१ च्या आवृत्तीतही नॉर्मल आकाराच्या शुक्राणूंची खालची मर्यादा फक्त ४ टक्के आहे, त्यामुळे ९६ टक्के खराब असं वाचून घाबरून आलेले किती जण मी पाहिलेत. एआयने तो आकडा कितीही नेमका काढला तरी तो समजावून सांगायला माणूस लागतोच.

चांदणवेल:
मी परत आले. लॅबकोट, तुमचं रांगेबद्दलचं वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. मशीन दरवेळी एकच उत्तर देतं याचं मला अजूनही मोल वाटतं, तेवढ्यावर मी ठाम आहे, निदान डॉक्टर सुटीवर गेले आणि दुसऱ्या आल्या म्हणून ग्रेड बदलली असं तरी होणार नाही. पण तिसरा भ्रूण सोडू नकोस यावर मी लॅबकोट यांच्या बाजूने आहे, शंभर टक्के. स्टोरेजचा प्रश्न असेल तर त्यावर वेगळं बोलता येतं, हप्ते विचारता येतात. सोडलेला परत आणता येत नाही.

आणि एक विचारायचं होतं, एआय व्हिडिओवरून भ्रूणाचे क्रोमोझोम बरोबर आहेत का तेही सांगतं असं कुणीतरी मला सांगितलं. मग ती बायोप्सी, म्हणजे भ्रूणाच्या काही पेशी काढून तपासणं, करायची गरजच नाही का?

लॅबकोट:
गरज आहे, म्हणजे ज्यांना ती तपासणी मुळात हवी आहे त्यांना. व्हिडिओवरून क्रोमोझोमचा अंदाज बांधणारी मॉडेल्स आहेत आणि ती आंधळ्या अंदाजापेक्षा बरी आहेत, पण चुका इतक्या होतात की त्यावरून हा ठेवा आणि हा टाका असं कुणीही ठरवू नये. त्यात आईचं वय घातलं की मॉडेल एकदम हुशार वाटायला लागतं, कारण वय वाढलं की क्रोमोझोमच्या गडबडी वाढतात हे आपल्याला आधीपासून माहीतच आहे. म्हणून कुणी अचूकता सांगितली तर विचारायचं की वय काढून घेतलं तर किती उरते. आणि दुसऱ्या बाजूने हेही लक्षात घ्या की एकाच बाईच्या तीन भ्रूणांमध्ये निवड करायची असते तेव्हा तिघांनाही आईचं वय एकच असतं, वयाच्या जोरावर आलेली हुशारी तिथे कामाला येत नाही.

फॉर्मबद्दल अबोलीताई, नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि नाही म्हटलं म्हणून ट्रीटमेंटमध्ये फरक पडायला नको, हे आधी विचारून घ्या. मग विचारा की व्हिडिओबरोबर नाव, फाइल नंबर जातो का, डेटा फक्त लॅबकडे राहतो का कंपनीकडे जातो, आणि नंतर मन बदललं तर काढून घेता येतो का. मी स्वतः हो म्हणेन, कारण ही मॉडेल्स सगळ्या प्रकारच्या, सगळ्या वयाच्या पेशंटच्या डेटावर शिकली नाहीत तर ज्यांचा डेटा नाही त्यांच्यासाठी ती चुकीची ठरतील. पण ते माझं मत आहे, सही तुमची आहे.

अबोली_लिहितेय:
सगळ्यांना सांगायला आले. आज डॉक्टरांकडे जाऊन आलो, दोघंही गेलो. लॅबकोट ताईंनी सांगितलेला प्रश्न मी कागदावर लिहूनच नेला होता, की डी५ बीबी आणि डी६ एए यात तुमच्या लॅबचा अनुभव काय. डॉक्टरांनी एम्ब्रियोलॉजिस्टना आत बोलावलं आणि आमच्यासमोर पहिल्यांदाच आम्हाला ते व्हिडिओ दाखवले. ४बीबीवाला अगदी वेळेवर दोन, चार, आठ असा गेला. ४एएवाला तिसऱ्या दिवशी बराच वेळ थांबलेला दिसला आणि मग सावरला. एम्ब्रियोलॉजिस्ट म्हणाल्या की आमच्या आकड्यांतही डी५ थोडा पुढे आहे, फार नाही. डॉक्टर म्हणाल्या की मी ग्रेड बघून बोलले होते, हे बघता ४बीबी आधी घ्यायला माझी काही हरकत नाही, दोन्ही चांगलेच आहेत. म्हणजे शेवटी स्कोअरवाल्यालाच आधी घेतोय, पण स्कोअर सांगतो म्हणून घेतोय असं वाटत नाहीये, आम्हाला कळलंय का ते.

तिसरा ठेवतोय. नवऱ्याने तिथेच सांगून टाकलं, मला बोलावंही लागलं नाही. फॉर्मवर सही अजून केलेली नाही, कंपनीकडे नक्की काय जातं ते लेखी मागितलंय.

आता एकच विचारायचंय. ट्रान्सफरच्या दिवशी लॅबला काय विचारू?

लॅबकोट:
फार छान केलंत. त्या दिवशी हा स्कोअर मनातून बाजूला ठेवा, कारण तो गोठवायच्या आधीच्या व्हिडिओवरचा आहे. गोठवलेला भ्रूण वितळवल्यावर आधी आक्रसलेला असतो आणि मग दोनचार तासांत परत फुगायला लागतो. तर विचारायचं ते हे की वितळवल्यावर पेशी साधारण किती टिकल्या आणि भ्रूण परत फुगायला लागला का. ट्रान्सफरच्या आधी स्क्रीनवर दाखवायला सांगा, बहुतेक लॅब दाखवतात. आणि तो नीट वितळला नाही तर ४एए लगेच वितळवायचा का त्या महिन्यात थांबायचं, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांशी बोलून लेखी ठरवून ठेवा, म्हणजे टेबलावर असताना तुम्हाला निर्णय घ्यावा लागणार नाही. तारीख कळली की इथे टाका.